संस्थेची सवलत बंद झाली तेव्हा : सबस्क्रिप्शनच्या वाढीव बिलातून वाट काढताना

आमची सेवाभावी संस्था आपसातल्या संवादासाठी वापरत असलेल्या ऑनलाइन सेवेच्या नूतनीकरणाला तीन आठवडे उरले असताना कंपनीचा ईमेल आला. संस्थांसाठीची सवलत बंद, यापुढे प्रत्येक खात्याला पूर्ण दर. अशा वेळी कंपनीला फोन लावावासा वाटतो. आम्ही आधी सगळा डेटा बाहेर काढला आणि मगच बोलायला बसलो. डेटा त्यांच्याकडेच अडकलेला असेल तर मुदतही तेच ठरवतात.

सेवा संवादाची होती : चॅनेल, खासगी संदेश, जोडलेल्या फायली. ॲडमिनच्या खात्यातून एक्स्पोर्ट, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, मागितली की झिप फाइल मिळते. आत प्रत्येक चॅनेलचं एक फोल्डर आणि त्यात दिवसागणिक एक जेसन (प्रोग्रामला वाचता येईल अशा मांडणीतला साधा मजकूर) फाइल. ती उघडून पाहिल्याशिवाय काम झालं असं समजू नका. संदेशांचा मजकूर त्यात असतो, पण जोडलेल्या पीडीएफ आणि फोटोंच्या जागी बहुतेकदा फक्त लिंक असतात. खातं बंद झालं की त्या लिंक मरतात. म्हणून जेसनमधल्या सगळ्या लिंक वेगळ्या काढून एका छोट्या स्क्रिप्टने (चार ओळींच्या प्रोग्रामने) फायली उतरवून घ्याव्या लागतात. उतरवल्यावर लिंक किती होत्या आणि फायली किती आल्या, हे ताडून पाहा. आकारही बघा. पन्नास पानी अहवालाची पीडीएफ काही केबीचीच दिसत असेल तर ती बहुधा लॉगिनच्या पानाची प्रत असते. लिंकमधल्या टोकनची, म्हणजे फाइल उघडू देणाऱ्या तात्पुरत्या कोडची, मुदत संपली की असं होतं. एक्स्पोर्ट ताजा घेऊन लगेच फायली ओढल्या की हा घोळ टळतो.

खासगी चॅनेल आणि वैयक्तिक संदेश खालच्या योजनांच्या एक्स्पोर्टमध्ये सहसा येत नाहीत. त्यातलं कामाचं जे असेल ते त्या त्या गटाने स्वतः बाहेर काढायचं. परस्पर कुणाचे संदेश काढणं बरोबरही नाही. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते : देणगीच्या फॉर्मपासून वेबसाइटच्या देखरेखीपर्यंत कुठल्या सूचना या सेवेत येतात, त्याची यादी. सेवा बदलली की त्या गुपचूप थांबतात, आणि देणगीदाराला पावती गेली नाही हे महिन्याने कळतं.

मग खात्यांची मोजणी. सदस्यांची यादी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) काढून शेवटच्या वापराच्या तारखेनुसार लावली की सोडून गेलेले स्वयंसेवक, संपलेल्या प्रकल्पांचे पाहुणे आणि एकाच माणसाची दोन खाती वर येतात. वार्षिक करारात खाती कमी करण्याची संधी साधारणपणे नूतनीकरणालाच मिळते, त्यामुळे ही साफसफाई त्या तारखेआधीच हवी. खातं निष्क्रिय करा, पुसू नका. निष्क्रिय केलेल्या माणसाचे जुने संदेश जागेवर राहतात.

करारात दोन कलमं शोधायची. आपोआप नूतनीकरण होतं का आणि ते नको असेल तर किती दिवस आधी लेखी कळवायचं : 30, 60 की 90? दुसरं, दरवाढीवर काही मर्यादा आहे का? कार्ड बंद करून हा प्रश्न सुटत नाही. करार चालूच राहतो, थकबाकी चढते आणि सेवा गोठली की डेटाही आतच राहतो.

सवलत गेल्याचं एक कारण अगदी साधं असू शकतं, आधी तेच तपासा. पात्रतेच्या फेरतपासणीचा ईमेल केव्हाच संस्था सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर गेलेला असतो. उत्तर नाही, म्हणून सवलत रद्द. तसं असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र पुन्हा देऊन काम भागू शकतं. तसं नसेल तर आम्ही लिहिलं तसं एकच मुद्देसूद पत्र विक्री विभाग आणि संस्थांसाठीचा विभाग, दोघांनाही पाठवा. त्यात जुन्या दराने 90 दिवसांची मुदतवाढ, दरवाढ टप्प्याटप्प्याने आणि पुढच्या वार्षिक वाढीवर करारातच मर्यादा मागा. फोनवरचं आश्वासन धरू नका, प्रत्येक गोष्ट लेखी घ्या.

कधी योजनाच बदलते. मायक्रोसॉफ्टने 1 जुलै 2025 पासून संस्थांना मोफत मिळणारी बिझनेस प्रीमियमची 10 लायसन्स पुढच्या नूतनीकरणापासून बंद केली. बिझनेस बेसिकची 300 पर्यंत मोफत लायसन्स राहिली, पण त्यात वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवरच चालतं. अशा वेळी सरसकट पैसे भरू नयेत. ज्यांच्या एक्सेल शीटमध्ये मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) आहेत, म्हणजे बहुधा हिशेब विभाग, त्यांना सवलतीतलं विकतचं लायसन्स आणि बाकीच्यांना बेसिक. मात्र प्रीमियमसोबतचं लॅपटॉपचं व्यवस्थापनही जातं, म्हणून लायसन्स बदलण्याआधी प्रत्येक मशिनची बिटलॉकर रिकव्हरी की (विंडोजने कुलूपबंद केलेली डिस्क उघडण्याचा आकडा) बाहेर जपून ठेवा.

सेवा सोडायचीच ठरली तर झुलिप आणि मॅटरमोस्ट हे संवादाच्या सेवांचे मुक्त स्रोताचे (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो असे) पर्याय आहेत. झुलिपमध्ये स्लॅक, मॅटरमोस्ट आणि रॉकेट.चॅट या अशाच सेवांमधला डेटा आत घेण्याची सोय आहे. स्वतःच्या सर्व्हरवर त्याला किमान 2 जीबी रॅम आणि 10 जीबी डिस्क लागते. शंभराच्या वर लोक असतील तर 4 जीबी रॅम धरा. पण सर्व्हर सांभाळू शकणारी निदान दोन माणसं संस्थेत नसतील तर या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अपडेट आणि बॅकअप एकाच स्वयंसेवकावर सोडणं वाढीव बिलापेक्षा महाग पडतं. झुलिपची क्लाउड सेवाही संस्थांना सवलतीत मिळते, आधी ती पाहा.

डेटा आत घेताना सगळ्यांचे ईमेल पत्ते त्यात आहेत ना, हे बघा. त्यांच्याविना जुने संदेश योग्य माणसाच्या खात्याला जोडता येत नाहीत. पासवर्ड येत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला नवा ठरवावा लागतो. आधी एका छोट्या गटाचा डेटा चाचणीसाठी घाला, जुनी सेवा दोन आठवडे वाचण्यापुरती चालू ठेवा आणि मगच रद्द करण्याचं पत्र द्या. पण कराराची 30-60 दिवसांची मुदत त्याआधी उलटणार असेल तर पत्र आधी जायला हवं, स्थलांतर अर्धवट असलं तरी.

आता आमच्या सगळ्या सेवांचे बिलिंग पत्ते कुणा एकाच्या नावावर नसून खजिनदार आणि कार्यालय दोघांनाही मिळणाऱ्या सामायिक पत्त्यावर आहेत, आणि प्रत्येक नूतनीकरणाच्या 120 दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावलेली आहे.