सेंट पँक्रसचे हॉटेल आणि आपले सीपीआर

कोल्हापूरकर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईत ज्या टर्मिनसवर उतरतो, त्याचा आराखडा करताना फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्यासमोर लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाचा आदर्श होता. त्या स्थानकाच्या दर्शनी बाजूला मिडलंड रेल्वेचे मिडलंड ग्रँड हॉटेल १८७३ मध्ये सुरू झाले. वास्तुकार होते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडाही त्यांचाच, आणि तोही हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवता केलेला.

पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट असलेल्या या हॉटेलात खोलीगणिक न्हाणीघर मात्र नव्हते. पाहुण्यांना गरम पाणी आणून देण्यासाठी नोकरांची फौज लागे. पुढे सवयी बदलल्या, पण आगीपासून संरक्षण म्हणून घातलेले जाड मजले फोडून नळ नेणे अतिशय खर्चाचे होते. अखेर १९३५ मध्ये हॉटेल बंद झाले आणि तिथे रेल्वेची कार्यालये थाटली गेली. १९६० च्या दशकात तर ही वास्तू पाडण्याचेच घाटत होते. जॉन बेट्जमन यांच्यासारख्या कवीने आणि वारसाप्रेमींनी आवाज उठवला आणि १९६७ मध्ये तिला सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण मिळाले.

२०११ मध्ये ती पुन्हा हॉटेल म्हणून उघडली. दोन बाजूंनी वर चढत जाणारा भव्य जिना, लाल भिंतींवरची सोनेरी फुलांची नक्षी आणि जिन्याखालचे उघडे लोखंडी काम हे सारे जपले गेले. बहुतेक नव्या खोल्या मात्र मागे बांधलेल्या स्वतंत्र भागात गेल्या, वरच्या मजल्यांवर सदनिका झाल्या, जुन्या तिकीटघरात खानपानगृह आले. काही वारसाप्रेमींना ही तडजोड रुचत नाही. मला ती शहाणपणाची वाटते, कारण जुन्या दगडविटांवर सगळा भार न टाकता आजची सोय तिथे शेजारी उभी केली गेली.

म्हणूनच आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे मी आशेने पाहतो. ब्रिटिश वास्तुकार मेजर मँट यांनी आराखडा केलेल्या या जुन्या वास्तूत आजही रुग्णांची रांग लागते. तिच्या प्रत्येक दुरुस्तीत कोणती यंत्रे, नळ आणि तारा जुन्या भिंतींना झेपतील आणि कोणत्या नव्या इमारतीत न्याव्यात, हे वास्तुतज्ज्ञांनी तिथल्या डॉक्टर-परिचारिकांसोबत बसून आधी ठरवावे, आणि मगच दगडाला छिन्नी लावावी.