बाईंनी कापलेला मायना

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. लिहायला बसले तर मैदान, स्नेहसंमेलन, घंटा देणारे काका सगळे मागे सरले आणि इंग्रजीच्या बाई तेवढ्या समोर उभ्या राहिल्या.

1996 ची दिवाळीची सुट्टी. नववीच्या वर्गाला बाईंनी सांगितलं होतं, कुणाला तरी खरं पत्र लिहा आणि त्याची नक्कल वहीत उतरवा. मी आजोळहून बाबांना लिहिलं. शाळा उघडल्यावर बाईंनी वही घेतली, 'तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार' वर लाल रेघ मारली, खालचं 'आपली आज्ञाधारक' ही खोडलं. मी रडायच्या बेतात होते. त्या म्हणाल्या, "मधलं तुझं आहे. ते राहू दे." पंधरवड्यानंतर ते मधलं एका दैनिकाच्या बालविभागात छापून आलं. 25 रुपयांची मनीऑर्डर आली. पाठवलं होतं बाईंनीच.

त्या दिवशी धडा बाजूला ठेवून त्यांनी मेव्ह बिंची या आयरिश लेखिकेची गोष्ट सांगितली. डब्लिनजवळच्या डॉकी गावची मुलगी, शाळेत शिकवणारी. बाईंना त्याचंच फार कौतुक! तिच्या ज्यू विद्यार्थ्यांच्या पालकांनी पैसे जमवून तिला इस्राएलला पाठवलं. 1963 साली ती तिथल्या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, राहिली आणि घरी लांबलचक पत्रं लिहीत राहिली. वडिलांनी एका पत्राचं 'प्रिय डॅडी' कापून टाकलं आणि उरलेलं वृत्तपत्राकडे धाडलं. ते छापून आलं. पाच वर्षांनी ती 'आयरिश टाइम्स'मध्ये महिलांच्या पानाची संपादक झाली. पुढे लंडनहून लिहू लागली. 'लाइट अ पेनी कँडल' ही पहिली कादंबरी पाच प्रकाशकांनी नाकारली आणि 1982 साली आली तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. महायुद्धामुळे लंडनहून आयर्लंडमधल्या एका घरी पाठवलेली एलिझाबेथ आणि त्या घरातली अ‍ॅशलिंग यांची ती मैत्री, पुढे पत्रांवर जगलेली. बाईंनी पुस्तक फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणलं होतं. शनिवारी शेवटच्या तासाला त्यातलं वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. बोलते तसं लिहिते ही बाई, म्हणायच्या, म्हणून माणसं आपल्याशी बोलतात.

मीही पुढे वृत्तपत्रातच आले. पुरवणी सांभाळते, दोन कथासंग्रह निघाले. 30 जुलै 2012 ला मेव्ह बिंची गेली. पुस्तकांच्या खपलेल्या चार कोटींहून अधिक प्रती, तिच्या 'सर्कल ऑफ फ्रेंड्स' कादंबरीवरचा चित्रपट, सगळं बसवून मी छोटी बातमी केली. सकाळी बाईंचा फोन. "नीट लिहिलंयस. पण वडिलांनी पत्र पाठवलं, ते कुठे गेलं?" जागा नव्हती, असं मी सांगितलं. बाई काहीच बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांनी विचारलेलं आज लिहिते आहे.

गेल्या वर्षी शाळेत आले होते. ग्रंथालयाच्या खोलीत आता संगणक आहेत. मुलांना त्यांची गरज आहे, हे मला कळतं. पण कपाटं कुठे गेली, हे कुणालाच सांगता आलं नाही आणि मी फार हळहळले. निवृत्त होताना बाईंनी ती कादंबरी शाळेला दिली होती. पहिल्या पानावर लाल शाईत त्यांची सही आहे. कुणाच्या घरी, कुठल्या पेटीत ती असेल तर कृपया मला कळवा. घ्यायला मी स्वतः येईन.