घराबाहेरच्या रंगाचा हिशेब

आठ वर्षांपूर्वी चिपळूणजवळचे आमचे घर रंगवले, तेव्हा दुकानात केवळ घराचे क्षेत्रफळ सांगून आणलेला रंग गच्चीच्या कठड्यापाशी संपला. नंतर आणलेल्या डब्याची छटा किंचित गडद निघाली आणि तो जोड मला रोज दिसत राहिला. म्हणून या वेळी, दिवाळीनंतर भिंती पुरत्या सुकल्यावर, मी स्वतः टेप घेऊन मोजमाप केले.

घर 36 बाय 28 फूट, म्हणजे घेर 128 फूट. त्याला 11 फूट उंचीने गुणून, दारे-खिडक्यांचे 177 चौरस फूट वजा केल्यावर 1231 उरले. त्यांपैकी दर्शनी भिंतीचे 340 चौरस फूट खरबरीत गिलाव्याचे आहेत, बाकीचा गिलावा गुळगुळीत आहे. तीन फुटी कठडा आतून, बाहेरून आणि माथ्यासह मोजला, तर तो एकटाच 819 भरला, म्हणजे सगळ्या भिंतींच्या जवळजवळ दोन तृतीयांश! मागच्या वेळी रंग नेमका कुठे गेला, ते तेव्हा कळले. आठ छज्जे वरून, खालून आणि कडांसह 136 झाले.

सगळीकडे एकच दर लावणे मला पटेना. प्रायमर सुकल्यावर रंगाऱ्यांकडून दोन्ही प्रकारच्या गिलाव्यावर एकेक लिटर रंग, सारखेच पाणी घालून, दोन हात लावून घेतला. गुळगुळीत भिंतीवर तो 54 चौरस फूट पुरला, खरबरीत भिंतीवर मात्र 32च. तिथे रोलर उंचवट्यांवरून सरकून जाई, खळग्यांत पांढरे ठिपके राहत आणि ते ब्रशचे टोक दाबून भरावे लागत. “दादा, ही भिंत रंग पिते,” असे रंगारी म्हणाले, ते अक्षरशः खरे होते.

या दरांनी गुळगुळीत भिंती व कठड्याला 32, दर्शनी भिंतीला 11 आणि छज्जांना अडीच असे साधारण 45 लिटर निघाले. चाचणीचे दोन लिटर त्यातच धरून मी 20 लिटरच्या दोन बादल्या आणि चार लिटरचा एक डबा एकदमच आणला, आणि छटेत फरक राहू नये म्हणून सगळा रंग मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घेतला. कुंपणाची चिऱ्याची भिंत मी मुद्दाम रंगवली नाही, कारण चिऱ्याचा मूळ तांबडा रंगच मला अधिक शोभिवंत वाटतो.

काम संपल्यावर लिटरभर रंग उरला. झाकणावर छटेचा क्रमांक लिहून तो डबा मी माळ्यावर ठेवला आहे.