सिंहगडाच्या वाटेसाठी सोळा आठवडे

गेल्या ऑक्टोबरात आतकरवाडीहून सिंहगड चढताना मी नऊ वेळा बसले. दह्याची मडकी घेऊन वर निघालेल्या मावशी जाता जाता म्हणाल्या, "बसू नका ताई, उभ्या उभ्याच दम घ्या." त्याच दिवशी ठरवलं, दमसास वाढवायचाच.

वय ४७, त्यात वडिलांना हृदयविकार. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवलं आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. त्यात नाडी मिनिटाला १७६ पर्यंत गेली. २२० मधून वय वजा करण्याच्या सूत्राने कमाल नाडी १७३ येत होती. पण तो सरासरीचा अंदाज, त्यामुळे मी १७६ च धरले. मोजमापासाठी कूपर चाचणी निवडली. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये ती मांडली. १२ मिनिटांत जमेल तेवढं अंतर कापायचं, बस्स. माझं झालं १४८० मीटर. त्यावरून व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, साधारण २१.८ निघाला.

पहिले आठ आठवडे संथ पद्धत. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं झपझप चालणं, मधूनच हलकं धावणं, नाडी १२५ च्या आसपास. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. गुडघे कुरकुरायचे थांबले, झोप सुधारली, पहाटे उठणं अंगवळणी पडलं. चाचणीत मात्र १५४० मीटरच. एवढ्या चालण्यानंतर फक्त साठ मीटर वाढले, याचं फार वाईट वाटलं.

मग नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा अभ्यास वाचनात आला. यान हेल्गरूड आणि सहकाऱ्यांचा, २००७ चा. चाळीस तरुणांचे चार गट, आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा धावणं, आणि एकूण श्रम सगळ्यांचे सारखे. संथ लांब धावणाऱ्यांचा आणि मध्यम जोराने सलग धावणाऱ्यांचा व्हीओटू मॅक्स फारसा हलला नाही. पंधरा सेकंद जोरात, पंधरा सेकंद हळू असं करणाऱ्यांचा ५.५ टक्के वाढला आणि चार-चार मिनिटं जोरात अशा चार फेऱ्या, मध्ये हळू, असं करणाऱ्यांचा ७.२ टक्के. या दोन गटांचं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागलं होतं. ती मुलं धडधाकट होती, माझी गोष्ट वेगळी. म्हणून डॉक्टरांना पुन्हा विचारूनच मी चार बाय चार सुरू केलं. आठवड्यातून दोन दिवस या फेऱ्या, दोन दिवस संथ चाल.

फेऱ्यांसाठी पर्वतीची टेकडी जमेना, १०३ पायऱ्या चार मिनिटांच्या आतच संपतात. तळजाईचाच एक लांब चढ धरला. पहिल्या आठवड्यात चुकले. घड्याळात लगेच १६०, म्हणजे माझ्या कमाल नाडीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास, दिसावेत म्हणून सुरुवातीलाच जीव तोडून पळाले आणि दुसऱ्या मिनिटाला पायात गोळे. नाडी वर चढायला दीड-दोन मिनिटं घेतेच, तिला तेवढा वेळ द्यायचा. चारही फेऱ्यांत वेग एकच ठेवायचा. तिसऱ्या मिनिटाला दोन-तीन शब्दांवर बोलणं येतं, कानशिलं गरम होतात, १५८ ते १६५ वर आकडा थांबतो. हा शेवटचा दीड मिनिटच खरं काम करतो. मग तीन मिनिटं हळू चालणं, पण थांबायचं नाही.

आठ आठवड्यांनी १६४० मीटर. हिशेबाने व्हीओटू मॅक्स २५.४. सकाळची नाडी ७८ वरून ७० वर आली होती. आधीच्या संथ महिन्यांचा वाटा यात आहेच, त्याशिवाय माझे गुडघे या फेऱ्यांना टिकले नसते; त्यामुळे माझ्या आकड्यांवरून दोन पद्धतींचा निवाडा करू नका. पण नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणी विचारलं तर मी आधी चालायलाच सांगेन, आणि दोन महिन्यांनी चढ दाखवेन.

मार्चमध्ये पुन्हा आतकरवाडीहून निघाले. दोनदा थांबले, दोन्ही वेळा उभ्यानेच. वर पोहोचल्यावर त्याच मावशींकडून मडक्यातलं दही घेतलं.