अर्जात थर्मोस्टॅटचा रकानाच नव्हता

जुना थर्मोस्टॅट (खोलीच्या तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा डबा) भिंतीवरून उतरवायला मला वीस मिनिटं लागली. तो ठेवून घेणारा माणूस सापडायला तीन आठवडे.

मेन स्विच बंद केला, तारांचा फोटो काढला, नवा बसवला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. जुन्याचं झाकण मात्र उघडून बघण्यासारखं होतं. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी, तिच्यावर काचेची छोटी कुपी, कुपीत पारा. खोली गार झाली की गुंडाळी वळते, कुपी कलते, पारा घरंगळून तारांच्या टोकांवर जातो आणि हीटर सुरू. बॅटरी नाही, काही नाही. काढताना जरा वाईटच वाटलं.

पण अशा एका कुपीत साधारण ३ ग्रॅम पारा असतो. तापाच्या जुन्या थर्मामीटरमध्ये अर्धा-एक ग्रॅम असायचा, म्हणजे हिशेब करा. कचऱ्याच्या डब्यात टाकणं शक्यच नव्हतं.

धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "वायर आहेत ना? मग ई-कचरा. पलीकडे." पलीकडचे गृहस्थ 'पारा' ऐकताच दोन पावलं मागे सरकले. "हे आमच्याकडे नाही. त्या खिडकीत जा." त्याच खिडकीतून आलोय म्हटलं, तर त्यांनी अर्ज पुढे केला. रंग, बॅटऱ्या, औषधं, कीटकनाशकं, इतर. 'इतर'वर खूण केली की प्रमाण लिहायचं, आणि तेही लिटरमध्ये! मी रकाना मोकळा सोडला, अर्ज परत आला. पुढच्या खेपेला चिडून मोबाइलवर हिशेब केला आणि ०.०००२२ लिटर असं लिहून दिलं. बाईंनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशासाठी अर्ज कशाला भरलात?"

तिसऱ्या खेपेला ट्यूबलाइट रचून ठेवणाऱ्या एका काकांनी स्वतःहून विचारलं, "काय आहे त्यात?" पारा म्हटल्यावर म्हणाले, "मग इकडेच की! ट्यूबमध्येही तोच असतो. कुपी फुटली नाही ना? ठेवा." संपलं. म्हणून सांगतो, थर्मोस्टॅटचं नावही काढू नका; ट्यूबलाइट कुठे घेता, एवढंच विचारा.

हो, आणि कुपी सुटी करू नका. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाच होता. अख्खा थर्मोस्टॅट घट्ट पिशवीत, पिशवी कागद कोंबलेल्या झाकणाच्या डब्यात. फुटलाच तर व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, वाफ घरभर होते. खिडक्या उघडायच्या, मुलांना बाहेर काढायचं, थेंब जाड कागदाने गोळा करून हवाबंद बरणीत भरायचे. शिवाय नवा बसवणाऱ्याला आधी विचारा, काही जण जुना परत घेतात. हे मला नंतर कळलं.

काकांकडे पावती मागितली. त्यांनी दिली: 'ट्यूबलाइट, नग १.'