सासूबाई आणि दार सी सईदचे गालिचे

मोरोक्कोत माराकेशला गेलात की बाहिया पॅलेस बघाच, असं झाडून सगळे सांगतात. बघितला. म्हणजे लोकांच्या पाठी आणि उंच धरलेले मोबाइल बघितले. एका दालनाच्या दारात तर फोटोसाठी चक्क रांग! सासूबाई दहा मिनिटांत म्हणाल्या, "पुरे गं, चल."

तिथून पायी जवळच, बोळात दार सी सईद आहे. बाहिया ज्यांनी वाढवला त्या वजीर बा अहमद यांच्या भावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा वाडा. एका भावाकडे जत्रा, दुसऱ्याकडे चिटपाखरू नाही. बागेत मधोमध कारंजं, त्यावर रंगवलेल्या लाकडाची छत्री. सासूबाईंनी तिथेच बसकण मारली. गुडघे.

मी वर जाऊन आले. समारंभाच्या दालनात खाली झेलिज, म्हणजे रंगीत फरशीच्या तुकड्यांची नक्षी, त्यावर कोरीव गिलावा, सगळ्यात वर देवदाराच्या जातीच्या लाकडाचं रंगीत छत. मान दुखेपर्यंत बघितलं. झेलिजचा एकेक तुकडा चकाकीच्या फरशीतून हाताने छिनून काढतात आणि पालथा मांडून जोडतात. म्हणजे सुलट नक्षी कशी उतरली, हे कारागिराला शेवटीच कळणार! मला तर पोळी उलटेपर्यंतही धीर नसतो.

2018 पासून इथे विणकाम आणि गालिच्यांचं संग्रहालय आहे. राजधानी रबातचे शहरी गालिचे एकदम शिस्तीत: मध्ये पदकासारखी नक्षी, भोवती किनारींवर किनारी. अ‍ॅटलास पर्वतातल्या खेड्यांतल्या बायका मात्र कागदावर काही न काढता विणतात, त्यामुळे नक्षी मध्येच वळण घेते. मला तेच आवडले. लाल रंग मंजिष्ठेचा, हे ऐकून सासूबाई उठून आल्या आणि थेट गालिच्याची मागची बाजू बघायला वाकल्या. रखवालदार धावत आला. "गाठी बघितल्याशिवाय काय कळणार?" हे त्या त्याला मराठीत समजावत होत्या.

उरलेली हौस बाहेरच्या दुकानात फिटली. दुकानदाराने पुदिन्याचा चहा दिला आणि एकामागून एक गालिचे उलगडले. सासूबाईंनी प्रत्येकाचा कोपरा उलटला, गाठी चाचपल्या, दोन बाजूला काढायला लावले, भाव निम्म्यावर आणला. मी घाबरून पाकीट चाचपायला लागले, तर बाई पदर सावरत उठल्या. "उद्या येते हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची फेस शहराची गाडी होती.