तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना आहार शिकवताना: माझा अनुभव

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. सप्टेंबर उजाडला की राष्ट्रीय पोषण महिना सुरू होतो. रॅली निघते, रांगोळ्या होतात, पाककृती स्पर्धा होते, फोटो अपलोड होतात. ऑक्टोबरात लेकरं पुन्हा पाच रुपयांचं खाऊचं पाकीट हातात घेऊन दारात उभी. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की महिन्याची वाट बघायची नाही, जूनपासूनच रोज थोडं थोडं करायचं. या वयाच्या लेकरांपुढं प्रथिनं, जीवनसत्त्वं असले शब्द टाकण्यात अर्थ नाही, हे कुणालाही कळतं. अडचण त्याच्या पुढं आहे: मग सांगायचं काय?

आमच्या भिंतीवर चौरस आहाराचा एक छापील तक्ता आहे. त्यात सफरचंद आहे, द्राक्षं आहेत, काचेच्या ग्लासात दूध आहे, ब्रेडच्या चकत्या आहेत. भाकरी नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी काठीनं एकेक चित्र दाखवत होते, तेव्हा चार वर्षांचा एक पोरगा म्हणाला, "बाई, हे आमच्याकडं नसतंय." मी विचारलं, "मग तुमच्याकडं काय असतंय?" तो म्हणाला, "काहीच नसतंय." त्याच्या घरी रोज वरण होतं, ज्वारीची भाकरी होते, दारात शेवग्याचं झाड आहे. हे सगळं मला माहीत होतं. पण तक्त्यात नाही म्हणजे ते खाणं मोजायचंच नाही, असा हिशोब त्यानं लावला होता.

तक्ता मी काढला नाही, तपासणीला लागतो. त्याच्याखाली दोरी बांधली आणि चिमट्यांना खऱ्या वस्तू टांगायला लागले. ज्वारीचं कणीस, तुरीची शेंग, कढीपत्त्याचा डहाळा, पारदर्शक पिशवीत कारळं, जवस, मसूर. रोज एक वस्तू कापडी पिशवीत टाकायची, लेकरांनी आत हात घालून ओळखायची. ज्वारी आणि बाजरी हातानं ओळखणारं एक लेकरू निघालं, बाकीची गोंधळली. मेथी, करडई, चुका समोर ठेवल्यावर सगळ्यांचं नाव एकच, 'भाजी'. दुकानातल्या पाकिटाचा मात्र नुसता आवाज ऐकून कुठलं आहे ते सांगत होती.

सोयाबीन सगळ्यांना ओळखता आलं. येणारच, शिवारात दुसरं आहे काय? मूग-उडदाचा पेरा जाऊन सगळीकडं सोयाबीन झालं आणि रेशनला गहू-तांदूळ मिळतो, त्यामुळं ज्वारीची भाकरीही कित्येक घरांत एकाच वेळेवर आली. गंमत म्हणजे ज्या सोयाबीनमध्ये जवळपास 40 टक्के प्रथिनं आहेत ते सगळं तेलाच्या कारखान्याला जातं. आया विचारतात, "मग हेच खाल्लं तर?" खा की, पण कच्चं नाही. चांगलं भाजून, नऊ किलो ज्वारीला किंवा गव्हाला एक किलो घालून दळायचं. त्याहून जास्त घातलं तर भाकरी थापताना तुटते आणि सासूबाई दुसऱ्यांदा घालू देत नाहीत.

सगळ्यात जास्त काम मटकीनं केलं. बुधवारी सकाळी लेकरांच्या हातानं मटकी भिजवली, संध्याकाळी मदतनीस मावशींनी उपसून ओल्या फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या सगळी गठुड्याभोवती. दर थोड्या वेळानं कुणीतरी फडकं उचकटायचं. दुपारपर्यंत बारीक पांढरं टोक दिसायला लागलं आणि एक पोरगी ओरडली, "बाई, मटकीला शेपूट आलं!" शुक्रवारी उसळ झाली. एरवी उसळीतला दाणा न् दाणा वेचून ताटाच्या कडेला लावणारी लेकरं त्या दिवशी शेपटं मोजत खात होती. कुणाच्या दाण्याला सगळ्यात लांब शेपूट, यावर भांडणं झाली. वर लिंबू पिळायचं कामही त्यांनाच दिलं, डोळ्यांत उडालं तरी. मोड आल्यावर कडधान्यात क जीवनसत्त्व वाढतं, लिंबातही ते असतं, आणि क जीवनसत्त्व सोबत असलं की डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी लागतं. हे मी आयांना सांगितलं. लेकरांना एवढंच सांगितलं की शेपूटवाली मटकी लिंबाशिवाय खायची नसते. ते त्यांनी घरी जाऊन नियमासारखं लागू केलं.

याचा अर्थ एका फटक्यात सगळं जमलं असा नाही. नवी भाजी लेकराला आवडायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा त्याच्यापुढं यावी लागते. घरात दोनदा नको म्हटलं की आई सोडून देते, तिलाही शेतात जायचं असतं. अंगणवाडीत आम्हाला घाई नव्हती. एक घास चाखायचा, नाही आवडला तर थुंकायला मोकळीक. जबरदस्ती नाही, "संपव नाहीतर घरी सोडणार नाही" नाही. शेपूची भाजी दिवाळीपर्यंत थुंकलीच गेली आणि नंतर कधीतरी थुंकणं बंद झालं.

पाकिटांचं प्रकरण जास्त किचकट निघालं. माझा बेत सोपा होता. वर्तमानपत्राच्या कागदावर पाकिटातल्या नळ्या चुरडायच्या, तेलाचा डाग दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, हे किती वंगाळ. डाग झकास पडला. शेजारच्या कागदावर फुटाणे चुरडले, डाग नाही. पोरं खूश. एवढ्यात एकानं खिशातले भाजलेले शेंगदाणे काढून कागदावर रगडले. डाग पडला, नळ्यांपेक्षा मोठा. "बाई, मग शेंगा बी वंगाळ का?"

त्याला उत्तर देण्यासाठी मला चांगलं-वाईट ही भाषाच सोडावी लागली. शेंगदाण्यातलं तेल त्याचं स्वतःचं असतं, त्यासोबत प्रथिनंही येतात, 30 ग्रॅममध्ये सात-साडेसात ग्रॅम. नळ्यांमध्ये पीठ, वरून तेल, मीठ आणि मसाला. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, आधी लिहिलेलं सगळ्यात जास्त, हे मी आयांना वाचायला शिकवलं. लेकरांसाठी मात्र दोन टोपल्या केल्या: 'रोजचं' आणि 'जत्रेतलं'. जत्रेत आपण रेवड्या खातो, भजी खातो, गारीगार खातो, कुणी वाईट म्हणत नाही. पण जत्रा रोज नसते. हे त्यांना लगेच कळलं. शेंगदाणे रोजच्या टोपलीत, नळ्या जत्रेच्या टोपलीत. गुळासाठी पुष्कळ वाद झाला, शेवटी तो दोन टोपल्यांच्या मधे ठेवला. तो तिथंच असावा, असं माझंही मत आहे.

शेंगदाण्याबद्दल एक गोष्ट इथं लिहून ठेवते. चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा देऊ नये, श्वासनलिकेत अडकू शकतो. कूट करून द्यावा, भाकरीच्या काल्यात मिसळावा. म्हणून आमच्याकडं खाण्यासाठी कूटच असतो. वरचे शेंगदाणे खिशातून निघाले तेव्हा मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुकानदाराकडंही गेले. तो म्हणाला, "बाई, फुटाण्याच्या पुड्या ठेवतो, पण पाकिटं काढणार नाही. माझं बी पोट हाय." त्याच्याशी भांडण्यात हशील नव्हतं. पुड्या त्यानं पुढच्या बरणीत ठेवल्या, हेच खूप. त्या घरी नेऊन कुटायच्या, हे आयांना वेगळं सांगावं लागलं.

सगळ्यात अवघड वर्ग आज्ज्यांचा. आई-बाप सकाळी कामाला गेले की लेकरू आज्जीच्या ताब्यात, आणि आज्जीचा नाश्ता म्हणजे चहा-बटर. चहात बुडवलेलं बेकरीचं कडक बटर पोट भरतं, लेकरू गप्प बसतं, आणि मग अंगणवाडीत खिचडी नको म्हणतं. तीन ते सहा वयाला अंगणवाडीतून रोज ठरावीक ऊर्जा आणि प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. पण पोटात जागाच नसेल तर नियम काय करणार? आज्ज्यांना बोलावून भाषण ठोकलं असतं तर दुसऱ्यांदा कुणी आलं नसतं. मी त्यांना शिकवायला बोलावलं. पाथरी, घोळ, तांदुळजा या रानभाज्या लेकरांना ओळखून दाखवा म्हणलं. एक आज्जी बांधावरून ओटीभर घोळ घेऊन आली. लेकरांना पान चावायला दिलं, आंबट लागलं, सगळ्यांनी पुन्हा मागितलं. मग गप्पांच्या ओघात चहाचा विषय काढला: चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून चहा जेवणाला चिकटून नको. "आमी तर चहावरच वाढवलं की ओ," एकीनं सुनावलं. खरं आहे, पण तेव्हा सकाळी शिळ्या भाकरीचा कालाही असायचा, हे दुसऱ्या आज्जीनंच आठवून दिलं. मला बोलावं लागलं नाही.

अंड्याचा मामला जपून हाताळावा लागतो. गावात माळकरी घरं बरीच आहेत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि ते लेकरांना पचायला सोपं, म्हणून त्याचं चित्र मी दोरीवर ठेवलं. सांगताना "ज्यांच्या घरी खातात त्यांनी" एवढं जोडलं. माळकरी घरातल्या लेकरांसाठी शेजारी दही आणि हरभऱ्याची डाळ. कुणाची तक्रार आली नाही.

वजन-उंची दर महिन्याला होतेच. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंद करायची तर रेंजसाठी पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभं राहावं लागतं, ते चालायचंच. दंडाचा घेर मोजायची पट्टीही असते: 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 पिवळा म्हणजे मध्यम, वर हिरवा म्हणजे ठीक. पट्टी लेकरांना फार आवडते, हाताला बांधून घ्यायला रांग लावतात. पण कुणाचा रंग कुठला, हे मी सगळ्यांसमोर बोलत नाही. सहा वर्षांच्या आतलं लेकरूही "तू पिवळा" म्हणून दुसऱ्याला चिडवू शकतं, आणि ज्याला चिडवतात ते दुसऱ्या दिवशी येत नाही. तो रंग आईला तिच्या घरी जाऊन सांगायचा.

आमचं गाव 1993 च्या भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. जुन्या गावासारखी गल्लीबोळं नाहीत, रस्ते रुंद, घरामागं मोकळी जागा. परसबागेला याचा फायदा झाला. पाणी मात्र लातूर जिल्ह्याचं, 2016 साली शहराला रेल्वेनं पाणी आणलं होतं तो हा जिल्हा. म्हणून हात धुवायच्या जागेपासून एक चारी काढली आणि तिच्यावर पालक, मेथी, अंबाडी लावली. जेवणाआधी हात धुतले तर मेथीला पाणी मिळतं, असं म्हटल्यावर लेकरं तीन-तीनदा हात धुवायला लागली. साबण लवकर संपला. उन्हाळ्यात शेवगा तेवढा टिकला, बाकी सगळं वाळलं.

डिसेंबरात येळवस (वेळ अमावस्या) आली आणि वर्षभराचा अभ्यास आपोआप परीक्षेला बसला. आमच्याकडं येळवशीला सगळं गाव शेतात जेवतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. सणानंतर लेकरांना विचारलं, भज्जीत काय काय होतं? तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, गाजर, मेथी, चिंच, बेसन... ज्या लेकरांना जूनमध्ये सगळं 'भाजी' होतं, ती एकमेकांचं चुकीचं नाव दुरुस्त करत होती. मग आम्ही अंगणवाडीतच एक छोटी भज्जी केली, प्रत्येकानं घरून मूठभर काहीतरी आणायचं. एकानं पाच रुपयांचं पाकीट आणलं. बाकीच्यांनीच ते जत्रेच्या टोपलीत नेऊन ठेवलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्याच्याकडं ताक घुसळायचं काम दिलं.

"काहीच नसतंय" म्हणणाऱ्या पोराच्या आईनं संक्रांतीला वाण द्यायला आल्यावर कुरकुर केली, "बाई, शेवग्याचा पाला ओरबाडून आणतो, भाजी कर म्हणतो. झाड बोडकं केलं." मी तिला म्हटलं, कोवळा पाला तोडला की झाड उलट जास्त फुटतं, डाळीत टाक. ते ऐकून ती हसली नाही, पण डाळीत टाकते असं पोरगा सांगतो.

चहाचं अजून पुरतं जमलेलं नाही. दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना साखर घालून काहीच देऊ नका, हे 2024 च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांतही आहे, आणि तरी बाळाला बशीतून चहा पाजणारी घरं मला माहीत आहेत. मोठ्या लेकरांबाबत आज्ज्यांशी सध्या असा तह झाला आहे: सकाळी आधी भाकरीचा काला, चहा त्यानंतर तासाभरानं, अर्धा कप, बटर एकच. तीन आज्ज्या पाळतात. चौथी म्हणते, "येळ बघायला माझ्याकडं घड्याळ न्हाई." तिच्या नातवालाच आता सांगून ठेवलंय की अंगणवाडीची खिचडी झाली की मग चहा.